टाचणीचा जन्माचा दाखला

आमच्या शर्टांच्या कारखान्यात मी बाह्या जोडते. माझ्या शेजारच्या मशीनवर बसते ती कॉलर शिवते. कॉलर हे सगळ्यात किचकट काम. टोक जरा इकडचं तिकडं झालं की अख्खा शर्ट तोंड वाकडं करून बसल्यासारखा दिसतो. हिची कॉलर कधी परत आली नाही. अंगानं सडसडीत, मान ताठ, आणि बोलणं म्हणाल तर अगदी मोजूनमापून. कामाला लागली त्याच आठवड्यात कुणीतरी तिला टाचणी म्हणालं आणि ते नाव तिला चिकटलं ते चिकटलंच. ती रागावली नाही. "टोचत नाही ना कुणाला? मग ठीक आहे," एवढंच म्हणाली. तिचं त्या महिन्यातलं सगळ्यात लांबलचक बोलणं ते.

टाचणी लहानाची मोठी झाली बालगृहात. हे तिनं मला सांगायला दोन वर्षं घेतली. आई कोण, बाप कोण, काही पत्ता नाही. शाळेच्या दाखल्यावर आईवडिलांच्या नावापुढे नुसती आडवी रेघ. ती रेघ जिथे जिथे दाखवावी लागे तिथे तिथे खिडकीपलीकडचा माणूस हमखास मोठ्यानं विचारायचा, "हे काय? नाव राहिलंय का?" मग मागच्या रांगेतल्या माना वर व्हायच्या. म्हणून टाचणीनं खिडक्यांकडे जाणंच सोडून दिलं होतं. एखादा कागद नसला तर त्यावाचून काम भागवायचं, अशी तिची रीत. लग्नाच्या नोंदणीचे खेटेसुद्धा नवऱ्यानं एकट्यानं घातले, ही फक्त सहीपुरती गेली. नवरा बस आगारात मेकॅनिक. मोठा गुणी माणूस, पण बोलण्यात तोही बायकोच्याच वळणावर गेलेला. दोघं घरात संध्याकाळभर काय करत असतील, असा आम्हाला प्रश्न पडायचा.

याचं उत्तर टाचणीला दिवस गेले तेव्हा मिळालं, असं आमची काजवाली म्हणाली आणि सगळी लाइन खो-खो हसली. टाचणीही लाजून हसली. तिला इतकं हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

पुढे मात्र घोडं अडलं. बाळंतपणाच्या भरपगारी रजेचा अर्ज तिनं दिला आणि तो वरच्या कचेरीतून परत आला. कारखान्याच्या कार्डावर तिची जन्मतारीख एक, बालगृहाच्या पत्रावर दुसरीच. कामाला लागताना कुणा साहेबानं अंदाजानं एक तारीख ठोकून दिली होती. तेव्हा हिनं "असू दे" म्हणून मान हलवली होती. आता अर्जावर लाल शाईत शेरा आला: जन्माचा दाखला जोडावा.

"दाखलाच नाही तर जोडू काय?" ती मला म्हणाली. मशीन चालूच होतं तिचं. "ताई, जाऊ दे ती रजा. शेवटपर्यंत काम करीन, मग बिनपगारी बसेन."

"आणि उद्या बाळाच्या दाखल्यासाठी आईची माहिती मागितली, तर तिथेही जाऊ दे म्हणशील?"

तिनं मशीन थांबवलं. हात पोटावर गेला. बाळ हललं असावं, किंवा माझं बोलणं लागलं असावं. मी जरा फटकळच आहे.

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकली आणि तिला जन्मनोंदणीच्या कार्यालयात घेऊन गेले. लांबलचक दालन, भिंतीला टेकून बाकं, टेबलांमागे कपाटांच्या रांगा. कपाटांच्या माथ्यावर फायलींचे गठ्ठे असे रचलेले की खालून चालताना आपण होऊन मान आत घ्यावी. उशिराच्या नोंदी ज्यांच्याकडे होत्या त्या अधिकारी बाई कोपऱ्यातल्या टेबलाशी होत्या. चष्मा कपाळावर, समोर थंड झालेला चहा. आता ही बाई आपल्याला झाडणार, असं मला वाटलं. पण त्यांनी टाचणीकडे पाहिलं, तिच्या पोटाकडे पाहिलं आणि आधी खुर्ची सरकवली.

"तुमची नोंदच झालेली नाही," सगळं ऐकून घेऊन त्या म्हणाल्या. "बालगृहानं करायला हवी होती. राहून गेली. असं होतं. आता करून घेऊ. पण तुम्हाला अगदी लहानपणापासून ओळखणारी दोन माणसं आणा. त्यांनी इथे माझ्यासमोर शपथेवर सांगायचं. आहे का कुणी?"

टाचणीनं मांडीवरची पिशवी उचलली. मला वाटलं, आता ही उठून चालू लागणार.

"एक आहे," ती बऱ्याच वेळानं म्हणाली. "स्वयंपाकाची मावशी."

बालगृह कधीच बंद पडलं होतं. त्या इमारतीत आता लाकडी सामानाचं गोदाम आहे. पण तिथे स्वयंपाक करणारी मावशी शहराच्या दुसऱ्या टोकाला एका खोलीत एकटीच राहते, हे टाचणीला ठाऊक होतं. ठाऊक असूनही लग्नानंतर ती एकदाही गेली नव्हती. "कशाला त्रास द्यायचा," हे तिचं ठरलेलं उत्तर. बालगृहात वाढलेल्या मुलीला आपण कुणाच्या तरी दारात उभं राहणं हाच त्रास वाटतो, हे मला तेव्हा कळलं.

रविवारी आम्ही गेलो. टाचणी, तिचा नवरा आणि मी. मावशी दारातच बसून बटाटे सोलत होती. म्हातारी, पण हाताचा वेग असा की साल सुरीखालून सलग फितीसारखी सुटत होती. आमच्याकडे बघून डोळे बारीक केले, मग टाचणीच्या पोटावर नजर स्थिरावली आणि तिनं सुरी खाली ठेवली.

"अगं माझे बाई," ती म्हणाली, "तू एवढीशी होतीस, आणि आता हा नगारा घेऊन आलीस होय?"

मावशीला ऐकू कमी येतं. त्यामुळे ती स्वतः इतक्या मोठ्यानं बोलते की समोरच्या इमारतीतल्या दोन खिडक्या उघडल्या. टाचणीनं वाकून तिच्या कानाशी सगळं सांगायला सुरुवात केली. साक्ष, शपथ, कार्यालय. मावशीनं निम्मं ऐकलं आणि उठून पायांत चपला घातल्या.

"आज नाही मावशी, उद्या! आज रविवार आहे, कार्यालय बंद!" नवरा ओरडून म्हणाला. बिचाऱ्याचा आवाज इतका चढलेला मी तोवर ऐकला नव्हता.

"मग आधीच सांगायचं नाही का?" मावशी म्हणाली आणि चपला काढल्या.

दुसरा साक्षीदारही तिनंच सुचवला. बालगृहातल्या मुलांचे केस कापायला एक न्हावी यायचा. त्याचं दुकान अजून चालू होतं. आम्ही तसेच तिकडे गेलो. दुकान इतकं अरुंद, की खुर्चीवरच्या गिऱ्हाईकानं पाय लांब केले तर ते रस्त्यावर यावेत. न्हावीकाकांनी टाचणीला ओळखलं नाही. ओळखणार तरी कसे? लहानपणी पाहिलेली पोर, आता समोर बाई उभी. ते आरशातून बघत राहिले, डोकं खाजवत राहिले. मग म्हणाले, "बाळ, जरा डावा कान दाखव बघू."

टाचणीनं केस मागे घेतले. कानामागे बारीकसा पांढरा व्रण होता.

"ही तीच!" काकांनी खुर्चीच्या पाठीवर थाप मारली. गिऱ्हाईक दचकलं. "हा माझ्या कात्रीचा आहे! एका जागी बसायची नाही कार्टी. मी घाबरलो, मला रडू फुटलं, आणि ही माझ्याकडे बघत राहिली. तिच्याऐवजी मावशीनं मलाच साखर खायला दिली."

"येता का उद्या साक्षीला?" मी विचारलं.

"न येऊन सांगतो कुणाला? तिच्या कानाचं देणं लागतो मी."

सोमवारी कार्यालयात आमची वरातच गेली म्हणा ना. काकांनी दुकानावर 'आत्ता येतो' अशी पाटी लावली होती, आणि ती दिवसभर लटकत राहिली. मावशीनं धुतलेली साडी नेसली होती आणि घरून निघतानाच उजवा हात वर करायची तयारी ठेवली होती. शपथ घ्यायची म्हणजे हात वर करावा लागतो, असं तिला कुणीतरी सांगितलेलं. बाईंच्या टेबलापर्यंत पोचेतो तिचा दोनदा हात वर करून झाला.

न्हावीकाकांचं लवकर आटोपलं. मग अधिकारी बाई मावशीकडे वळल्या.

"अर्जदाराला तुम्ही कधीपासून ओळखता?"

"काय म्हणता?"

"हिला! कधीपासून! ओळखता!"

सगळं दालन आमच्याकडे बघू लागलं. टाचणीची मान खाली गेली. जे लपवण्यासाठी ती उभा जन्म खिडक्या चुकवत आली, ते आता भरल्या दालनात घसा ताणून बोललं जाणार होतं. मी तिचा हात धरला.

"आली त्या दिवसापासून," मावशी मोठ्यानं म्हणाली. "सकाळची वेळ. मी दूध तापवत होते. फाटकाशी रडणं ऐकू आलं. तेव्हा माझे कान चांगले होते. जाऊन बघते तर पायरीवर ही. स्वच्छ फडक्यात गुंडाळलेली. नाळ अजून ओली होती, म्हणजे दोन-तीन दिवसांची असेल. बाईसाहेब, एक सांगते. मी पुष्कळ पोरं पाहिली तिथे आलेली. मळलेली, उपाशी, अंगावर पुरळ. ही तशी नव्हती. हिला कुणीतरी आंघोळ घातली होती. ऊन पाण्यानं. अंगाला साबणाचा वास होता, आणि टाळूवर तेल थापलेलं, छान जिरवलेलं. केस विंचरले होते हो हिचे! एवढंसं जावळ, त्याचा भांग पाडला होता. सोडून जायचं होतं, तरी भांग पाडला होता."

शेजारच्या टेबलावरचा शिक्का मारायचा आवाज थांबला होता.

टाचणीनं मान वर केली. "मावशी, हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

मावशीला ते ऐकू गेलं नाही. टाचणीनं पुढे होऊन तिच्या कानाशी पुन्हा विचारलं.

"तू कधी विचारलंस?" मावशी म्हणाली. "तू कधी कुणाला काही विचारलंस का गं? बाकीची पोरं माझं डोकं खायची, माझी आई कशी होती, कुठे असेल. तू ताट घेऊन सगळ्यांच्या मागे उभी राहायचीस. मला वाटायचं, हिला नको असेल ऐकायला."

टाचणी रडली. आवाज न करता, कॉलर शिवावी तशी नीट बसून. बाकावरच्या एका अनोळखी बाईनं आपली पाण्याची बाटली पुढे केली. एक म्हातारे गृहस्थ उठून मावशीला म्हणाले, "बसा आजी, उभ्या का?" ज्या रांगेची तिला एवढी धास्ती, त्या रांगेत माणसं होती, इतकंच.

अधिकारी बाईंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. "नातं काय लिहू?" त्यांनी मावशीला ओरडून विचारलं. "तुमचं! हिच्याशी! नातं!"

"मी स्वयंपाकीण," मावशी म्हणाली. मग थोडी घुटमळली. "म्हणजे, भरवलं मीच हिला. तापात मांडीवर घेऊन बसले. पहिलं पाऊल माझ्या स्वयंपाकघरात टाकलं हिनं, पिठाच्या डब्याला धरून. आता याला काय म्हणतात ते तुम्ही शिकलेल्या माणसांनी लिहा."

बाईंनी थोडा विचार केला आणि लिहिलं. मी वाकून वाचलं: पालनकर्ती.

"काय लिहिलं?" मावशीनं विचारलं.

"वाढवणारी," टाचणी तिच्या कानात म्हणाली. मावशीनं समाधानानं मान डोलवली आणि उजवा हात वर केला. बाईंनी तो हळूच खाली घेतला आणि अंगठ्याला शाई लावली.

जन्मतारीख बालगृहाच्या पत्रावरचीच धरली. आईचं नाव आणि वडिलांचं नाव या रकान्यांत 'माहीत नाही' असं लिहावं लागलं. बाई म्हणाल्या, "दुसरं काही लिहिता येत नाही मला." टाचणी म्हणाली, "चालेल. रेघेपेक्षा बरं. माहीत नाही म्हणजे निदान कुणीतरी होतं."

दाखला हातात यायला वेळ लागणार होता, कारण नोटीस लावून ठरावीक मुदत थांबावं लागतं. बाईंनी तोवर एक शिक्क्याची पोचपावती दिली. ती मी कारखान्याच्या कचेरीत नेली. तिथले हिशेबनीस म्हणजे नियमाला पक्के, हसणं त्यांना वर्ज्य. पावती उलटसुलट बघून म्हणाले, "हिच्यावर रजा देता येत नाही." माझं तोंड उघडणार इतक्यात पुढे म्हणाले, "पण अर्ज विचाराधीन आहे असं लिहिता येतं. विचाराधीन असताना कामावर यावंच लागतं, असं कुठे लिहिलेलं नाही. जा, तिला म्हणावं पाय वर घेऊन झोप." मी पावती उचलून निघाले. "आणि हे मी बोललो, असं लाइनवर सांगत सुटू नका," असंही बजावलं. आज पहिल्यांदाच सांगतेय. आता ते निवृत्त झाले आहेत.

दाखला आला, रजा मंजूर झाली आणि त्याच आठवड्यात टाचणीच्या पोटात दुखायला लागलं. नवऱ्यानं तिला दवाखान्यात नेलं. तिथल्या परिचारिकेनं कागद मागितले, तेव्हा टाचणीनं कळा थोपवून पिशवीतून एकेक कागद काढून दिला. परिचारिका म्हणाली, "अहो, राहू द्या, मिस्टर देतील ना!" तर ही म्हणते कशी, "नको, मला द्यायचेत." नवरा शेजारी रिकाम्या हातांनी उभा. मग त्यानं मावशीला आणायला एका ओळखीच्या ड्रायव्हरला गळ घातली, आणि मावशी पूर्ण रिकाम्या बसमध्ये पुढच्या सीटवर बसून दवाखान्यापर्यंत आली. बस दुरुस्तीनंतर चालवून बघायची होतीच, असं आगारात सांगितलं गेलं.

मुलगी झाली. मावशीनं तिला हातात घेतलं, उलटीपालटी करून तपासली आणि दवाखाना दणाणेल अशा आवाजात जाहीर केलं, "सगळं जागच्या जागी आहे!" पलीकडच्या खोलीतल्या बायका हसल्या. मग तिनं ऊन पाणी मागवलं. मुलीला आंघोळ घातली, टाळूवर तेल जिरवलं आणि आपल्या जवळच्या लहानशा फणीनं तिचा भांग पाडला. टाचणी पडल्या पडल्या बघत होती. "ताई," ती मला म्हणाली, "जिनं मला तिथे ठेवलं ना, तिलाही हे असंच करताना किती जड गेलं असेल. आजवर मी तिच्यावर रागावले होते. रागावले आहे हेच मला माहीत नव्हतं."

मुलीच्या नोंदणीला नवरा एकटा निघाला होता. टाचणीनं त्याला थांबवलं. अंगात त्राण आल्यावर ती स्वतः गेली, मुलीला घेऊन, आणि मला सोबत घेऊन. या वेळी खिडकीत एक तरुण कारकून होता. मागे रांग वाढत होती. फॉर्म समोर आला. बाळाचं नाव. जन्मतारीख. वडिलांचं नाव. टाचणी भराभर लिहीत गेली. आणि मग, आईचं नाव.

तिनं पेन उचललं. क्षणभर नुसतीच बघत राहिली.

"ताई, जरा लवकर," कारकून म्हणाला. "मागे लोक आहेत."

"थांबा जरा," टाचणी म्हणाली. आवाज चढवला नाही, पण स्पष्ट म्हणाली. "मला नीट लिहायचंय."

आणि तिनं आपलं नाव लिहिलं. सुटं सुटं, गोल अक्षरात, काना-मात्रा जागच्या जागी. कारकुनानं ते संगणकात भरलं, छापलं आणि कागद खिडकीतून सरकवला. टाचणीनं एकदा वाचला, दोनदा वाचला. मग खिडकीत वाकून म्हणाली, "धन्यवाद हं." कारकून गोंधळला. त्याला तिथे कुणी असं म्हणत नसावं.

तिथून ती तडक कोपऱ्यातल्या टेबलाकडे गेली. अधिकारी बाई कुठल्यातरी गठ्ठ्यात डोकं घालून बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं, ओळखलं नाही. रोज किती माणसं येत असतील! टाचणीनं मुलगी पुढे केली आणि सांगू लागली. आपण कोण, कशासाठी आलो होतो, आपल्याबरोबर कोण होतं. पहिल्या वेळी 'एक आहे' एवढंच बोलायला जिला इतका वेळ लागला होता, ती आता थांबायचं नाव घेईना. बाईंच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला.

"अगंबाई, त्या मोठ्यानं बोलणाऱ्या आजी! कशा आहेत?"

"आमच्याकडेच राहायला आल्यात," टाचणी म्हणाली. "मी कामावर गेले की हिला त्याच सांभाळणार. ही रडली तरी त्यांना ऐकू जात नाही, म्हणून हिचे बाबा पाळण्याला एक घुंगरू बांधणार होते. पण मावशी म्हणाल्या, काही गरज नाही, मी तिला खाली ठेवलं तर ना!"

बाई हसल्या. त्यांनी मुलीला मागितलं आणि फायली बाजूला सारून, हातांतल्या बांगड्या वर सरकवून, अगदी सरावानं खांद्यावर घेतलं. थोडा वेळ त्या टेबलावरचं काम थांबलं. रांगेतल्या कुणी कुरकुर केली नाही.